प्रिन्सिपल कुठला आणि स्टेशनरी कुठली: सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांचं काय करायचं

नाशिकच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.कॉम. रोज वीस-पंचवीस मेल इंग्रजीत लिहावे लागतात. सारख्या उच्चाराच्या शब्दांत हमखास घोटाळा होतो आणि साहेब तो मेल सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. गोंधळात टाकणाऱ्या शंभर शब्दांच्या दोन याद्या पाठ करून झाल्या, पण आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. नमुना म्हणून त्यांनी स्वतःचंच एक वाक्य दिलंय: 'काइंडली ॲडव्हाइस इफ द प्रिन्सिपल अमाउंट विल बी इफेक्टेड, ॲण्ड काइंडली बेअर विथ अस.'

हे वाक्य मी मुद्दाम देवनागरीत उतरवलं. मूळ मेलमध्ये चार शब्द चुकले होते. आता शोधा बरं. 'प्रिन्सिपल' आणि 'बेअर' यांतल्या चुका तर गायबच झाल्या! मूळ मेलमध्ये 'प्रिन्सिपल'चं स्पेलिंग तत्त्वाचं होतं, मुद्दलाचं नव्हतं. आणि 'बेअर' उघडा-बोडका या अर्थाचा होता, म्हणजे तुमच्या मेलमधून 'कृपया आमच्यासोबत उघडे व्हा' असं काहीतरी गेलं. राहिलेल्या दोन चुका, 'ॲडव्हाइस' आणि 'इफेक्टेड', देवनागरीतही दिसतात, पण ज्याचा कान तयार आहे त्यालाच.

तुमचं दुखणं या एका वाक्यात सापडतं. तुमच्या डोक्यात इंग्रजी शब्द देवनागरीत साठवलेले आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या सगळ्यांचंच तसं असतं, माझंही. मराठीत लिहिताना कान सांगतो आणि हात लिहितो, बहुतेक वेळा ते जमतं. आपल्याकडे गंमत झालीच तर उलटी होते: 'जात' हा एकच शब्द, 'मी बाजारात जात होतो' म्हणताना दातांवरचा ज आणि 'जात-धर्म' म्हणताना टाळूवरचा. लिहायला एक, बोलायला दोन. इंग्रजीत बोलायला एक आणि लिहायला दोन, कधी तीन. म्हणून कानाच्या भरवशावर लिहिणारा माणूस तिथे फसतो. त्याला इंग्रजी येत नाही असं नव्हे, तो मराठी सवयीने इंग्रजी लिहितो.

मी तेवीस वर्षं दोन्ही भाषांतलं मुद्रितशोधन केलं आणि आता ऑफिसात काम करणाऱ्यांना पत्रव्यवहार शिकवते. पहिल्याच दिवशी मी याद्या बाजूला ठेवायला सांगते. यादी दोन जुळ्या भावांची एकदमच ओळख करून देते: हा राम, हा श्याम. दुसऱ्या दिवशी भेटला तर कुठला राम? तेच राम तुम्हाला बँकेत भेटला असता आणि श्याम भाजीबाजारात, तर घोटाळा झाला नसता. 'महाराष्ट्र दिन' आणि 'दीनदुबळे' यांत ह्रस्व-दीर्घाची जोडी आहे, पण शाळेत ती जोडी म्हणून आपण घोकली नाही. दिन आपल्याला एक मे-ला भेटला, दीन कीर्तनात. शब्द त्याच्या संगतीत शिकायचा असतो.

त्यामुळे आधी पाहायचं की चूक कुठल्या खात्यावर होते आहे. प्रत्येक खात्याचं औषध वेगळं.

पहिलं खातं म्हणजे खुद्द इंग्रज माणूसही ज्यांचा उच्चार एकच करतो असे शब्द. इथे कान सोडून द्या, त्याचा काही उपयोग नाही. असं का झालं, हे थोडं कळलं तर राग कमी होतो. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि तिथून पुढे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. पण नेमकी त्याच शतकांत इंग्रजांची जीभ सरकत होती. 'मीट' म्हणजे मांस आणि 'मीट' म्हणजे भेटणं, हे दोन शब्द तेव्हा वेगळे ऐकू यायचे, म्हणून एकात ई-ए आणि दुसऱ्यात दोन ई. पुढे उच्चार एक झाला, छापलेली अक्षरं मात्र जुन्या भाडेकरूसारखी घर अडवून बसली. मोडणे या अर्थाच्या 'ब्रेक'मध्येही हेच ई-ए आहे, फक्त तो शब्द अर्ध्या वाटेत थांबला आणि 'ब्रीक' झाला नाही. गाडीचा ब्रेक मात्र केक, मेक, टेक यांच्या घरातला, ए-के-ई वाला. गॅरेजच्या पाट्यांवर 'ब्रेक ऑइल' बऱ्याचदा मोडक्या ब्रेकच्या स्पेलिंगने लिहिलेलं असतं. अर्थ अगदीच चुकीचा नाही म्हणा.

या खात्यातला तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा गडी म्हणजे स्टेशनरी. खरेदी विभागात असल्यामुळे हा शब्द आठवड्यातून चारदा लिहावा लागत असेल. मध्ययुगात बरेच विक्रेते पाटी घेऊन गावोगाव फिरायचे. ज्याची विक्रीची जागा ठरलेली, एका ठिकाणी उभी, तो 'स्टेशनर'. हे लोक पुस्तकं, कागद असलं काही विकायचे. लंडनमध्ये 1403 साली त्यांचा संघ झाला आणि 1557 मध्ये त्याला शाही सनद मिळाली. तर स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी, जशी बेकरची बेकरी. शेपटाला ई-आर-वाय. आणि दुसरी, ए-आर-वाय वाली, म्हणजे नुसती थांबलेली, स्थिर. मुळात दोन्ही 'उभं राहणं' या एकाच धातूतून आल्या, आणि तो लॅटिन धातू आपल्या 'स्था'चा नातेवाईक आहे. स्टेशनला आपण स्थानक म्हणतो ते उगाच नाही.

प्रिन्सिपलचंही असंच. मुख्य, पहिला असा मूळ अर्थ. ए-एल हे शेपूट पाहा: नॅशनल, लोकल, फायनल. ही सगळी विशेषणं. 'प्रिन्सिपल'ही मुळात विशेषण, 'मुख्य'. कर्जातली मुख्य रक्कम ती मुद्दल, म्हणून ए-एल. शाळेतला मुख्य शिक्षक, म्हणून मुख्याध्यापकही ए-एल. आता उरलं तत्त्व, त्याला एल-ई. ते कधीच विशेषण नव्हतं. एकदा हे बसलं की मुद्दल आणि मुख्याध्यापक एकाच वर्गात का बसले, याचं नवल वाटत नाही. 'प्रिन्सिपल इज युवर पॅल' ही युक्ती शिकवतात, पण ज्याला 'पॅल' हा शब्दच रोज लागत नाही त्याला ती काय कामाची? त्यापेक्षा 'मुख्य = लोकल, फायनल' हे बरं.

आता माझी खरी युक्ती. लहानपणी स्पेलिंग पाठ करताना आपण काय करायचो? 'वेडनेसडे'. 'क्नाइफ'. बाई हसायच्या, पण आजही बुधवारचं स्पेलिंग चुकत नाही ते त्यामुळेच. तोंडाने 'वेन्झडे' म्हणायचं आणि मनात 'वेडनेसडे'. देवनागरीने घोटाळा केला असेल तर तिच्याकडूनच तो निस्तरून घ्यायचा. जोडीतल्या प्रत्येक शब्दाला एक खासगी, फक्त मनातला उच्चार द्यायचा: मुद्दल 'प्रिन्सिपाल', तत्त्व 'प्रिन्सिप्ले'. थांबलेली 'स्टेशनारी', दुकानातली 'स्टेशनेरी', आणि पेन, पेन्सिल, एन्व्हलप यांतही तोच 'ए' ऐकू येतो. पूरक ते 'कॉम्प्लेमेंट', कौतुक आणि फुकट ते 'कॉम्प्लिमेंट'. हॉटेलातला नाश्ता फुकट, म्हणून आय. फक्त हे मोठ्याने बोलू नका. मी एकदा बैठकीत 'प्रिन्सिप्ले' म्हणून गेले होते.

पूरकवरून आठवलं. शाळेच्या भूमितीत दोन कोनांची बेरीज 90 अंश झाली की ते 'कोटिकोन' आणि 180 झाली की 'पूरक कोन'. इंग्रजीत कॉम्प्लेमेंटरी म्हणतात ते 90 वाले. म्हणजे 'पूरक' हा शब्द इथे दगा देतो. गणिताचं पुस्तक तपासताना मी यात एकदा अडकले आहे, तुमच्या कामात ते येणार नाही.

अडकण्याचा विषय निघाला तर खरी फजिती सांगते. धंद्यात नवी होते. एका शाळेच्या वार्षिक अहवालाचं काम प्रेसमध्ये आलं. आतली चोवीस पानं तीनदा तपासली, एकही काना-मात्रा सुटू दिली नाही. पहिल्या पानावर मुख्याध्यापिकाबाईंचा मोठा फोटो, खाली नाव आणि त्याखाली मोठ्या टायपात 'प्रिन्सिपल', एल-ई वाला. मोठी अक्षरं कुणी तपासत नाही, हे तेव्हा कळलं. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. संध्याकाळी सातला कार्यक्रम, आणि दुपारी तीनपासून आम्ही चौघं जण छापलेल्या चिठ्ठ्या कापून, गोंद लावून एकेका प्रतीवर चिकटवत बसलो होतो. फोरमन एक शब्द बोलला नाही, फक्त दर शंभर प्रतींनंतर माझ्याकडे बघायचा. तेव्हापासून मी शीर्षकं आणि सह्यांखालची पदं शेवटी, वेगळ्या फेरीत, उलट क्रमाने वाचते. तुमच्या मेलमध्ये याचा अर्थ विषयाची ओळ. तीच ओळ सगळे वाचतात आणि लिहिणारा मात्र ती पुन्हा बघत नाही.

दुसरं खातं जास्त रोचक आहे. इंग्रजीत उच्चार वेगळे आहेत, आपल्या तोंडात ते एक होतात. इथे स्पेलिंगच्या मागे लागू नका. तोंड दुरुस्त करा, स्पेलिंग आपोआप येतं.

'ॲडव्हाइस' हे नाम, शेवटी स. 'ॲडव्हाइझ' हे क्रियापद, शेवटी जो आवाज येतो तो आपल्या 'जागा', 'जवळ' यांतल्या दंत्य ज-च्या अगदी शेजारचा. मराठी माणसाला हा आवाज काढायला काहीच कष्ट नाहीत, शेजारच्या कित्येक भाषांत तो सहज निघत नाही. असं असून आपण दोन्हीला 'ॲडव्हाइस' म्हणतो! 'सल्ला' हवा असेल तर स, 'सांगा, कळवा' असेल तर झ. ऐकू स येतो तिथे सी लिहायचा, झ येतो तिथे एस. तुमच्या मेलमध्ये 'कळवा' होतं, म्हणून एस. याच जोडीचा फायदा पुढे घ्या: ब्रिटिश पद्धतीत 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' यांचा उच्चार नाम-क्रियापदात बदलत नाही, पण स्पेलिंग याच नियमाने बदलतं. नाम सी, क्रियापद एस. अमेरिकेत मात्र परवान्याला दोन्हीकडे एस आणि प्रॅक्टिसला दोन्हीकडे सी. गिऱ्हाईक कुठलं आहे ते पाहून एक पद्धत धरा, आणि एका मेलमध्ये दोन्ही नकोत. बँकेचा चेकही तसाच: आपल्याकडे आणि इंग्लंडात क्यू-यू-ई वाला, अमेरिकेत सी-के वाला. आपल्याकडे सी-के म्हणजे फक्त तपासणं.

आणि 'लूज'! या शब्दावर मी एक अख्खा तास घेते. मराठीत 'पँट लूज झाली', 'लूज मोशन' असं आपण झ-च्या आवाजाने म्हणतो. इंग्रजीत ढिला तो 'लूस', शेवटी स्वच्छ स, आणि त्यात ओ दोन. झ-चा आवाज गमावण्याच्या शब्दात आहे, त्यात ओ एकच. म्हणजे मराठीने ढिल्याला गमावण्याचा आवाज देऊन टाकला. त्यामुळे 'वी विल लूज द ऑर्डर' लिहिताना हात दोन ओ-कडे वळतो आणि ऑर्डर हातची जाण्याऐवजी ढिली होते. आठवडाभर 'पँट लूस झाली' म्हणा. घरचे हसतील, पण मेलमध्ये चूक होणार नाही. 'गाडी सीज केली' मधलं सीज म्हणजे जप्ती, आवाज झ-चा, तो बरोबर आहे. थांबवणे या अर्थाचा तो 'सीस'. किंमत 'प्राइस', बक्षीस 'प्राइझ', यात सहसा कुणी चुकत नाही.

आपला 'ए' भलताच पोटभरू आहे. टेस्ट म्हणजे चाचणी आणि चव, डेट म्हणजे तारीख आणि कर्ज, पेपर म्हणजे कागद आणि मिरी, सेल म्हणजे सवलतीची विक्री, बॅटरीचा सेल आणि विकणं. इंग्रजीत यातला एक ए आखूड, दुसरा घसरत जाणारा, ए-च्या शेवटी किंचित इ. चवीचा 'टेऽस्ट', चाचणीचा 'टेस्ट'. लिहिताना या जोड्या फार त्रास देत नाहीत, कारण अर्थ लांब-लांबचे आहेत. फोनवर देतात.

व-च्या बाबतीत मात्र मराठीची पाठ थोपटली पाहिजे. 'व्हॅन', 'व्हिडिओ' यांत आपण व्ह लिहितो आणि 'वॉर्ड', 'वेस्ट' यांत नुसता व, म्हणजे दोन वेगळी इंग्रजी अक्षरं आपल्या लिपीत वेगळी राहिली. हिंदीत दोन्हीकडे व. पण मग आपणच 'व्हाइट', 'व्हील' लिहून डब्ल्यू-एच-लाही तेच व्ह देऊन टाकलं. हवामानाचा 'वेदर' आणि 'की नाही' या अर्थाचा 'व्हेदर' म्हणून आपल्याला वेगळे वाटतात. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये काही लोक त्यात अजून फुंकर घालतात, पण बाकी बहुतेकांच्या तोंडी दोन्ही सारखेच. म्हणजे तो पहिल्या खात्यातला शब्द.

'ॲफेक्ट-इफेक्ट' कुठल्याच खात्यात धड बसत नाही. त्याचं मूळ कानात नाही, मराठी वाक्यात आहे. आपण म्हणतो, 'पावसाचा कामावर परिणाम झाला.' परिणाम हे नाम, आणि ते कशावर तरी होतं. डोक्यात नाम असतं म्हणून लेखणी ई-ने सुरू होते. इंग्रजीत हेच बहुधा क्रियापदाने म्हणतात: 'द रेन ॲफेक्टेड द वर्क.' यात 'वर' कुठेच नाही. बरीच मंडळी 'ॲफेक्टेड ऑन द वर्क' लिहितात, कारण तो 'वर' सोबत घेऊन येतात. म्हणून मी अशी कसोटी देते: पुढे 'ऑन' आला तर तो परिणाम, नाम, ई. पुढे थेट वस्तू आली, किंवा 'झळ बसली, बाधलं' असं म्हणता आलं, तर ए. 'विथ इफेक्ट फ्रॉम' हे तारखेचं सरकारी शेपूट नेहमी ई. अपवाद एक ध्यानात ठेवा: ई-वालं क्रियापदही आहे, त्याचा अर्थ 'घडवून आणणे, अमलात आणणे'. 'पेमेंट इफेक्ट केलं' असं बँका लिहितात ते त्या अर्थाने बरोबर. तुमच्या वाक्यात मात्र मुद्दल घडवून आणली जाईल का, असा प्रश्न झाला होता.

मराठीत रुळलेल्या आणखी एका जोडीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. नगरसेवकही काउन्सिलर आणि शाळेत मुलांचं समुपदेशन करणाऱ्या ताईही काउन्सिलर. पुण्याच्या कौन्सिल हॉलमधला तो 'सि', स्पेलिंग सी-आय. सल्ला देणारा तो 'काउन्सेलर', 'से', स्पेलिंग एस-ई. इथे मनातला उच्चार आणि स्पेलिंग अगदी जुळतात. एका माणसाच्या ओळखपत्रावर 'करिअर काउन्सिलर' पाहिलं होतं, सी-आय. कुठल्या वॉर्डातून निवडून आले, असं विचारायचा मोह आवरला.

'इट्स'चं थोडक्यात. वरचा स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, द्यायचा की नाही असा प्रश्न पडला तर तो आणि त्यापुढचा एस यांच्या जागी 'इज' किंवा 'हॅज' वाचून पाहा. वाक्य चाललं तर चिन्ह राहू द्या, अडलं तर काढा. 'त्याचा' या अर्थाच्या 'हिज'ला चिन्ह नाही, तसंच याला नाही.

आता रोजचं. कॉम्प्युटरची लाल रेघ इथे मदत करेलच असं धरू नका, कारण चुकीचा शब्दही खरा शब्द असतो. एक छोटी वही करा. तिच्यात नेटवरची यादी नको, साहेबांनी पकडलेल्या तुमच्याच चुका हव्यात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे शब्द सात-आठच्या वर जात नाहीत. प्रत्येक शब्दाला वेगळं पान, जोडीतला दुसरा त्या पानावर नकोच. पानावर तुमच्या कामातलं एक वाक्य: कुठल्या पुरवठादाराचं बिल, कुठली ऑर्डर. पहिला शब्द पक्का झाल्याशिवाय जोडीदाराला पान देऊ नका. आणि मेल पाठवण्याआधी कंट्रोल-एफ दाबून त्या सात-आठ शब्दांचा शोध घ्या. एकेका ठिकाणी थांबून मनातला उच्चार करा: प्रिन्सिपाल की प्रिन्सिप्ले? दीड मिनिट लागतं.

तुमचा मेल पुन्हा लिहायचा तर: ॲडव्हाइझ, शेवटच्या ई-आधी एस. प्रिन्सिपल, शेपूट ए-एल. ॲफेक्टेड, सुरुवात ए. बेअर, अस्वलाच्या स्पेलिंगचा, बी-ई-ए-आर, कारण सहन करणं आणि अस्वल इंग्रजीत एकाच स्पेलिंगने लिहितात. 'इफ'ऐवजी 'व्हेदर' चालेल, डब्ल्यू-एच वाला. आणि 'काइंडली' एका वाक्यात एकदाच पुरे.